जुन्या अभ्र्याचा पट



उन्हाळ्याची सुट्टी लागली की दुपार किती लांब होते, हे घरातल्या आईलाच विचारावं. बाहेर ऊन रणरणतंय, जेवणं उरकलीत, ओटा आवरून घटकाभर पाठ टेकावी म्हटलं, तर कानाशी भुणभुण सुरू. "आई, कंटाळा आला. काय करू?" मग एक तर पाठीत धपाटा बसतो, नाही तर हातात मोबाइल पडतो. दोन्हींनी घर शांत होतं खरं, पण नंतर आपल्यालाच चुटपुट लागते.

या वेळी हा विषय घेतला त्याला कारण झालं एक पत्र. एका तालुक्याच्या गावाहून आलेलं. त्या भगिनी लिहितात, "ताई, यांचं दुकान गेल्या वर्षी बंद करावं लागलं. घर कसंबसं चालतं. धाकट्याला आता सात पुरी होतील. समोरच्यांच्या मुलाकडे रिमोटची गाडी आहे, आमचा नुसता बघत उभा असतो. मी मोठ्या हौसेनं खोक्याचं घर करून दिलं. त्यानं ते पाहिलं आणि विचारलं, 'आई, आपण गरीब झालो का?' मी काय उत्तर देऊ? आणि पुन्हा असं काही करून द्यावं की नको?"

पत्र वाचलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. टाकाऊतून टिकाऊ म्हणून दहा वस्तू सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण या बाईंनी विचारलंय ते वेगळंच. त्याचं उत्तर द्यायचं तर मला आधी माझी फजिती सांगावी लागेल.

१९८४ सालची गोष्ट. यांच्या कारखान्याला टाळं लागलेलं, सात महिने पगार नाही. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, सासूबाई, थोरला चौथीत आणि धाकटी चार वर्षांची. शेजारच्या मुलाचा वाढदिवस आला. भेट द्यायला पैसे कुठले? मी पुठ्ठ्यावर कागद चिकटवून छान सापशिडी केली. साप रंगवले, शिड्या रंगवल्या, बुचांच्या सोंगट्या केल्या. तीन रात्री जागून केली हो! थोरला ती मिरवत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेला, तर आमची सापशिडी शेजारच्यांच्या कचऱ्याच्या डब्यात वरच पडलेली. घरी येऊन तो काही बोलला नाही. संध्याकाळी हळूच म्हणाला, "आई, तू केलेलं आता कुणाला देऊ नकोस."

मला फार लागलं ते. त्या माउलीचा राग आला, स्वतःचाही आला. महिनाभर मी पुठ्ठ्याला हात लावला नाही.

पुन्हा सुरुवात केली ती मी नव्हे, आमच्या सासूबाईंनी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा डॉक्टर 'पिकू द्या, मग काढू' म्हणत. दिवसभर बसून त्या कंटाळत आणि माझ्यावर करवादत. एका दुपारी त्यांनी थोरल्याला चार चिंचोके आणायला सांगितले, एक बाजू फरशीवर घासून पांढरी करायला लावली आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, एखादा जुना अभ्रा दे गं." कोळशानं त्यावर पट आखला आणि आजी-नातवंडांचा खेळ जो सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत. सासूबाईंना दान दिसत नसे, पण बोटांनी कळे. घासलेली बाजू खरखरीत, न घासलेली गुळगुळीत! बोटांनी चाचपताना एखादा चिंचोका त्या हळूच उलटाही करत आणि नात ओरडे, "आजी, लबाडी!" लग्न झाल्यापासून मी सासूबाईंना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही त्यांच्यात बसू लागले. "आई, तुमचं दान" असं म्हणता म्हणता आम्हा दोघींतला ताण कधी सैल झाला, कळलंही नाही.

तेव्हा मला समजलं की माझी सापशिडी दिसायला सुंदर होती, पण तिच्याबरोबर माणूस गेलं नव्हतं. घरचा खेळ नुसता हातात देऊन भागत नाही, आपण सोबत बसावं लागतं. दुकानातली गाडी एकटी फिरते, चिंचोके एकटे खेळत नाहीत. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या कृती कामाला येतील.

आधी साठवण

घरात काय काय रिकामं होतं ते बघा. घरपोच सामानाचे पुठ्ठ्याचे खोके, टूथपेस्टची खोकी, बाटल्यांची झाकणं, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, चहाचे कागदी कप, एकेकटे उरलेले मोजे, शिंप्याकडच्या चिंध्या. हे सगळं साठवायला एकच खोका ठेवा. तो भरला की नवं ठेवण्यापूर्वी जुनं काहीतरी काढायचं. नाही तर खेळ राहतात बाजूला आणि माळ्यावर झुरळांची वसाहत होते. तेलाचं किंवा दुधाचं काही ठेवायचं असेल तर गरम पाण्यानं, साबणानं धुऊन, खडखडीत वाळवूनच. औषधाच्या, फिनेलच्या आणि कीटकनाशकाच्या बाटल्या, त्यांची झाकणंसुद्धा, कितीही धुतली तरी मुलांच्या खेळात नकोत.

घरची खळ

दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. त्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. खळ पारदर्शक दिसू लागली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या वस्तूंसाठी मुळीच घालू नका. लागेल तेवढीच खळ करावी, उरलेली दोन दिवसांत आंबते. चिकटवलेला पुठ्ठा रात्रभर पाटाखाली किंवा जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा, म्हणजे वाकडा होत नाही.

चल्लस आठ

साहित्य : जुना अभ्रा किंवा साडीचा जाड तुकडा, चार चिंचोके, चार रंगांची चार-चार झाकणं किंवा बटणं.

कृती : कापडावर पाच ओळी आणि पाच रांगा असा पंचवीस घरांचा चौकोन आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध अशा पाच फुल्या काढा. वेळ असेल तर रेघांवर साखळी टाका घाला. आमचा पट असा शिवला होता म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. चिंचोक्यांची एक बाजू खडबडीत दगडावर पांढरी होईपर्यंत घासा. हे काम मुलांनाच द्या, अर्धा तास सहज जातो!

खेळ असा. प्रत्येकाच्या सोंगट्या आपापल्या बाजूच्या फुलीत. चिंचोके टाकायचे आणि जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं पुढे जायचं. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळतं. सोंगट्या बाहेरच्या सोळा घरांतून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. फेरी पुरी होऊन आपलं घर येण्याआधीच्या घरातून आत शिरायचं, आतल्या आठ घरांतून घड्याळाच्या दिशेनं जायचं आणि मधल्या फुलीत पोचायचं. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. एरवी आपल्या सोंगटीच्या घरात दुसऱ्याची आली की आपली मेली, ती पुन्हा मुळापासून. मारणाऱ्याला आणखी एक दान. निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आत जायचं नाही, असाही नियम पुष्कळ घरांत आहे. घरोघरी नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा खेळ मांडण्यापूर्वी ते ठरवून घ्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मूल पाचवी-सहावीत असेल तर त्याला एक गंमत करायला सांगा. शंभर दानं टाकून कोणतं किती वेळा पडलं ते वहीत मांडायचं. चार चिंचोके पडण्याचे एकंदर सोळा प्रकार होतात. त्यांत दोन पांढरे येण्याचे सहा, एक किंवा तीन येण्याचे प्रत्येकी चार, आणि चारही पांढरे किंवा चारही काळे येण्याचा एकेकच. म्हणून तर चार आणि आठला एवढा मान! चिंचोके तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे वहीतला आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तो का झाला, यावर बोलण्यातच खरा अभ्यास आहे.

पत्रिकांच्या जोड्या

लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा ढीग उरतो. कागद जाड, छान, टाकवत नाही. पत्रिकेवरचा गणपती मात्र आधी वेगळा काढून नीट ठेवा. त्यावर कात्री चालवलेली घरातल्या वडीलधाऱ्यांना आवडत नाही आणि आपल्यालाही बरं वाटत नाही. उरलेल्या भागाचे अडीच इंचांचे चौकोन कापा. चोवीस लागतील. मागून सगळ्यांना एकसारखा कागद चिकटवा, नाही तर मुलं नक्षीवरून पत्ता ओळखतात. पुढून बारा जोड्या करा. लहानग्यांसाठी साबण, बिस्किटं, चहा यांच्या वेष्टनांवरची दोन-दोन सारखी चित्रं. मोठ्यांसाठी एका पत्त्यावर 'सात आठे' आणि दुसऱ्यावर 'छप्पन्न', किंवा एकावर 'उजेड' आणि दुसऱ्यावर 'अंधार'. सगळे पत्ते पालथे मांडायचे, एका वेळी दोन उलटायचे. जोडी जमली तर आपली, नाही तर पुन्हा पालथे. या खेळात लहान मुलं मोठ्यांना सरळ हरवतात. आमची धाकटी यांना दर वेळी हरवायची आणि हे खोटं खोटं नव्हे, खरोखरच हरायचे! घरातल्या पुरुषमाणसांना बसवायला हा खेळ उत्तम, दहा मिनिटांत डाव होतो.

घरातली लगोरी

पुठ्ठ्यावर लहान वाटीपासून मोठ्या ताटलीपर्यंत चढत्या आकाराची सात भांडी पालथी ठेवून वर्तुळं काढा. प्रत्येक आकाराच्या चार-पाच चकत्या कापून एकावर एक खळीनं चिकटवा आणि दाबून वाळवा. एकेकट्या मोज्यात चिंध्या ठासून तोंड शिवलं की चेंडू तयार. हा लागला तरी काच फुटत नाही आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येत नाहीत. अंगणात खेळायचं असेल तर चिंध्यांच्या गोळ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक रिंगा कापून गच्च चढवा. चेंडू चांगली उशी घेतो.

कपांचा टेलिफोन

चहाच्या दोन कागदी कपांच्या बुडाला सुईनं भोक पाडा. पंधरा-वीस फूट जाड दोऱ्याची टोकं आतून काढून काडीच्या तुकड्याला गाठवा, म्हणजे दोरा सुटत नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं कप कानाला लावायचा. दोरा ताठ हवा आणि मध्ये भिंतीला किंवा कुणाच्या हाताला लागता कामा नये. बोलण्यानं कपाचं बूड थरथरतं, ती थरथर दोऱ्यातून पलीकडे जाते. दोरा सैल सोडला की आवाज बंद. हे आपण सांगू नये, मुलांना करून बघू द्यावं. दोरा चिमटीत धरला तर काय होतं, एवढंच विचारावं.

असल्या वस्तूंना कमी लेखू नका हं. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून विज्ञानाची खेळणी करण्यात आयुष्य घातलं. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं हे काम केलं आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण ज्याला कचरा म्हणतो, त्यातून मुलं भौतिकशास्त्र शिकली.

एवढं मात्र सांभाळा

दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घरच्या खेळण्याची तपासणी करणारं कुणी नाही, ती आपणच करायची.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके, बटणं, मणी, झाकणं त्याच्या हाती लागता कामा नयेत. जी वस्तू सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावते, ती त्याच्या घशात अडकू शकते असं समजा. अशा मुलासाठी सोंगट्या मोठ्या करा, काड्यापेटीच्या आकाराच्या. खेळ संपला की चिंचोके मोजून पिशवीत ठेवायचे, ही शिस्तच लावा.

मोडक्या घड्याळातले, रिमोटमधले, वाजणाऱ्या शुभेच्छापत्रातले चपटे बटण-सेल खेळात कधीही घेऊ नका. मुलानं असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. नुसती शंका आली तरी वाट न पाहता ताबडतोब हॉस्पिटल गाठा. बारीक लोहचुंबकांचंही तसंच, एकाहून अधिक गिळले तर ते आतडी एकमेकांना चिकटवतात. फुटकी काच, पत्र्याच्या धारदार कडा, लांब दोरीचे फास आणि प्लास्टिकच्या पातळ पिशव्या हेही दूरच.

आणि मोबाइलबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितकं बरं. पण नुसता मोबाइल काढून घेतला तर घरात रडारड होते. त्या जागी काहीतरी ठेवायला हवं, आणि ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा आपणच असतो. रोज तासभर कुणाला जमत नाही, मला ठाऊक आहे. रोज एक डाव जमतो.

आता त्या पत्राचं उत्तर

बाई, तुमच्या मुलानं विचारलं त्यात तुमचा अपमान नाही. त्याला घरातलं बदललेलं जाणवतंय आणि खरं काय ते हवंय. त्याला खोटं सांगू नका. 'छे, आपल्याकडे खूप पैसे आहेत' म्हणाल तर त्याला पटणार नाही, आणि पुढे तो विचारायचं बंद करेल. जवळ बसवून सांगा, "बाबांचं दुकान बंद झालंय, म्हणून या वर्षी पैसे जपून वापरायचे. जेवण, शाळा, औषध यांत काही कमी पडू देणार नाही. गाडी आत्ता घेता येणार नाही." एवढं सात वर्षांच्या मुलाला कळतं. आम्ही थोरल्याला सात महिने काही सांगितलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी तो म्हणाला, "मला वाटायचं, माझंच काही चुकलंय म्हणून तुम्ही बोलत नाही." ती चूक तुम्ही करू नका.

दुसरं असं, की घरचा खेळ हा गाडीचा मोबदला म्हणून पुढे करू नका. 'बघ, आपलं खोक्याचं घर त्या गाडीपेक्षा कितीतरी छान' असं म्हटलं की मूल तुलना करतं, आणि तुलनेत गाडीच जिंकते. त्याला गाडी आवडते तर आवडू द्या. 'मलाही आवडली ती' म्हणा. मग वेगळ्या वेळी, वेगळ्या कामासारखं, चिंचोके घासायला घ्या.

तिसरं, खोक्याचं घर तुम्ही करून दिलंत, मीही सापशिडी करून दिली होती. पुढचं त्याच्या हातून होऊ द्या. कात्री वाकडी चालेल, रंग रेघेबाहेर जाईल, खळ फरशीला लागेल. पण ते त्याचं असेल. आपण केलेली वस्तू मूल गरिबीची खूण मानत नाही, ती तो दहा जणांना दाखवत सुटतो.

वाढदिवसाला समोरच्या मुलालाही बोलवा. पट मांडा, तुम्ही स्वतः खेळायला बसा, यांनाही बसवा. दुकान बंद झालेला माणूस घरात फार एकटा असतो, त्याच्याही हातात चिंचोके द्या. पहिला डाव तुम्हीच सुरू करा. दोन डावांनंतर मुलं तुम्हाला उठवतील, तेव्हा खुशाल शिरा करायला आत जा.

आमचा अभ्रा अजून आहे. कडेनं विरलाय, दोनदा नवं अस्तर लावलंय. सासूबाईंच्या हातचे चिंचोके मात्र कधीच हरवले. दर दोन-तीन वर्षांनी नवे घासावे लागतात, आता ते काम नातीकडे आहे. चिंच कुटायला काढली की ती आधी येऊन चार चांगले चिंचोके बाजूला काढून घेते.

तुम्ही काय केलंत, मुलांनी त्यात काय बदललं, कोणत्या नियमावरून भांडण झालं, ते जरूर कळवा. पुढच्या वेळी पावसाळ्याआधी ट्रंकेतले कपडे आणि गोधड्या कशा ठेवायच्या ते पाहू.